लोणच्याचा खार आणि सकाळी आठचं रक्त

दुपारी सगळे आडवे झाले की मी स्वयंपाकघरात जाऊन लोणच्याच्या बरणीतला खार चमच्याने खायचे. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. आधी खार, मग सांडगी मिरच्या, मग तळहातावर घेऊन नुसतं मीठ. चार महिन्यांत वजन ५८ वरून ४९ किलोवर आलं होतं. सकाळी तर अंगावर कुणी पोतं टाकून ठेवलंय असं वाटायचं. ओटा धरून उभी राहिले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मी कराडजवळ एका पतसंस्थेत काम करते. मार्चअखेर, मुलाची दहावी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं एकदम आलेलं. त्यामुळे जो तो म्हणायचा, "टेन्शन फार घेतेस." डॉक्टरांचंही तेच. एकांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं, तिसऱ्यांनी मन शांत राहायची गोळी. बीपी सगळीकडे ९० च्या खालीच भरायचं. "बायकांचं कमीच असतं," एवढ्यावर विषय संपायचा. वर मी काळवंडत चालले होते. जाऊबाई म्हणाल्या, "उन्हात हिंडतेस का गं?" मी तर दिवसभर पंख्याखाली बसून काम करत होते.

जूनमध्ये घरात सगळ्यांनाच जुलाब-उलट्या झाल्या. बाकीचे दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागले. मी न्हाणीच्या दारात पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी ६० होतं आणि सलाईनच्या दोन बाटल्या जाऊनही चढत नव्हतं.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझा हात उलटा केला आणि टॉर्च लावला. तळहातावरच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या. मग ओठ बाजूला करून हिरड्या पाहिल्या, तिथेही काळसर डाग. त्यांनी विचारलं, "खारट खावंसं वाटतं का फार?" मला रडूच कोसळलं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

रक्तात सोडियम ११८ निघालं, म्हणजे फारच कमी, आणि पोटॅशियम ६.१, म्हणजे जास्त. कॉर्टिसोल नावाच्या हॉर्मोनच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवून, रिपोर्टची वाट न बघता, त्यांनी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. पहाटे मी उठून बसले आणि चहा मागितला.

पुढच्या तपासण्या कोल्हापूरला हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे झाल्या. आदल्या दिवसापासून हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बंद. सकाळी आठला रक्त, मग कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणाऱ्या एसीटीएच या हॉर्मोनचं इंजेक्शन, तासाभराने पुन्हा रक्त. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल या इंजेक्शनने साधारण १८ मायक्रोग्रॅमच्या वर जातं. माझं २.१ वरून २.४ झालं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी, एकेक जेमतेम पाच ग्रॅमची. त्या कॉर्टिसोल बनवतात आणि अंगात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही. माझ्या दोन्ही ग्रंथी बंद पडल्या होत्या. मीठ लघवीवाटे वाहून जात होतं, म्हणून जीभ खार मागत होती. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच वाढवून वाढवून त्यांना हाका मारत होती, आणि तेच एसीटीएच कातडी काळी करत होतं. सकाळीच सगळ्यात वाईट का वाटायचं, तेही कळलं. कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि उठायच्या सुमाराला भरपूर असतं. माझ्यात ते चढतच नव्हतं.

आजाराचं नाव अ‍ॅडिसन. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी १८५५ साली तो लिहून ठेवला, आणि त्यांच्या रुग्णांतही बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीने खाल्लेल्या होत्या. तिकडे आता बहुतेकांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथींवर उलटलेली असते. आपल्याकडे टीबी अजून मोठं कारण आहे. माझ्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, सुईने काढलेल्या नमुन्यात टीबी निघाला. लहानपणी मी आजोबांजवळ झोपायचे. त्यांना टीबी होता. जंतू इतकी वर्षं गप्प बसू शकतात, हे ऐकून मी बराच वेळ काही बोललेच नाही.

टीबीची औषधं सुरू झाल्यावर महिन्याभरात पुन्हा अंधारी यायला लागली. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसोल भराभर संपवतं, म्हणून माझा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस जवळजवळ दुप्पट करावा लागला. कुणी टीबी आणि अ‍ॅडिसन दोन्हींचं औषध घेत असेल तर हे डॉक्टरांना नक्की विचारा.

टीबी बरा झाला, ग्रंथी काही परत आल्या नाहीत. आता सकाळी सहाला १० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दुपारी ५, संध्याकाळी ५, आणि मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक बारीक गोळी. जन्मभर. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसोलच, नाव तेवढं वेगळं. सहाची गोळी घेतली की पाऊण तासात अंगात जीव येतो, हे मी रोज अनुभवते. म्हणूनच "कॉर्टिसोल शत्रू आहे, ही पावडर घेऊन उतरवा" असले व्हिडिओ कुणी पाठवले की मला फार वाईट वाटतं. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, की निरोगी शरीर न सांगता कॉर्टिसोल कितीतरी पट वाढवतं आणि माणूस तगतो. त्या जूनमध्ये घरातले बाकीचे त्याच्याच जोरावर उठले होते. माझ्याकडे वाढवायला काही नव्हतंच.

ही वाढ आता मला हाताने करावी लागते. ताप आला की गोळ्या दुप्पट. उलटीत गोळी पडली तर इंजेक्शन, आणि तसंच दवाखान्यात. नवऱ्याने मोसंबीवर सुई टोचून टोचून हात बसवला. पर्समध्ये हायड्रोकॉर्टिसोनची एक कुपी, सिरिंज आणि मराठी-इंग्रजीत लिहिलेलं कार्ड असतं: 'अ‍ॅडिसन. स्टेरॉइड बंद करू नका.' गोळ्या आमच्या गावात मिळत नाहीत, म्हणून दोन महिन्यांच्या कोल्हापूरहून आणून ठेवते.

गेल्या भाद्रपदात गौरी जेवायच्या दिवशीच मला १०१ ताप भरला. पुरणाचा घाट जाऊबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला. सासूबाईंनी गोळ्यांचा डबा पुढे केला आणि विचारलं, "आज दोनाच्या चार ना गं?"