मार्चमधली भरलेली कोंड

कोकणात मार्चअखेर व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत, म्हणजे पात्रातल्या डोहात, पाग (फेकायचं जाळं) टाकला की एका फेकीत डिसेंबरच्या दुप्पट मासे येतात. ‘यंदा मासो वाढलो’ म्हणत वाडी खूश होते. खरं तर तेव्हा कोंडीतले मासे निम्म्यावर आलेले असू शकतात. पाणी त्याहून जास्त आटलेलं असतं, म्हणून उरलेले एकाच फेकीत सापडतात.

समजा, डिसेंबरअखेर कोंड ६० चौरस मीटर आहे आणि तीत २४० मासे आहेत. म्हणजे चौरस मीटरला ४. मार्चअखेर कोंड १५ चौरस मीटरवर आली आणि मासे १२० उरले, तर चौरस मीटरला ८. मासे निम्मे झाले, दाटी दुप्पट झाली, आणि पागाला फक्त दाटी कळते. गोड्या पाण्यातल्या माशांच्या संख्येवर काम करणारे नवखे हमखास इथे फसतात. म्हणून मोजणीच्या वहीच्या पहिल्या ओळीत माशांच्या आधी पाणी लिहावं: कोंडीची लांबी, तीन ठिकाणची रुंदी आणि दोरीला दगड बांधून घेतलेली पाच-सहा ठिकाणची खोली.

मासे मोजायची रीत जुनी आहे. काही पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि त्यांत खुणेचे किती ते बघायचं. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९० च्या दशकात चपट्या माशांवर खुणा लावल्या, अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये हाच हिशोब बदकांना लावला. या गणिताची मुख्य अट म्हणजे दोन पकडींच्या मध्ये कुणी आत येता कामा नये, बाहेर जाता कामा नये. युरोपातल्या नदीत त्यासाठी जाळ्यांचे बांध घालावे लागतात. आपल्याकडे ते काम ऊन करतं. पावसाळा सरला की व्हाळाची धार बारीक होत जाते, पुढे तुटते आणि प्रत्येक कोंड आपली आपण बंद होते.

पण ही तुटलेली धार स्वतः चालत जाऊन बघावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावाने सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू-माती भरून वनराई बंधारा घातला असेल, तर दोन-तीन कोंडी एक झालेल्या असतात. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या मुख्य पात्रात तर हा खेळ मांडूच नये. कोयनेच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी तिला उन्हाळाभर वाहतं ठेवतं.

आता पकड. सकाळी आठच्या सुमाराला सुरू करावी, अकराला आवरावी. त्याहून लवकर नको, कारण पाला कुजणाऱ्या कोंडीत पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दुपारी बादली तापते: २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. एका बादलीत दहा-बाराच्या वर मासे ठेवू नयेत, आणि बादली सावलीत ठेवावी.

खूण करण्याआधी माशाला गुंगी द्यावी. लवंगेचं तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये आधी मिसळून घ्यावं. या मिश्रणाचे ५ मिलिलिटर दहा लिटर पाण्यात पुरतात. मासा दोन-तीन मिनिटांत कलंडतो. कलंडला की लगेच उचलायचा, हात ओले ठेवून. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि आठवड्याभरात तिथे बुरशी धरते. छोट्या कात्रीने शेपटीच्या वरच्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा कोपरा कापायचा, लांबी लिहायची आणि स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत सोडायचा. तिथे सरळ पोहायला लागला की मगच कोंडीत. डिसेंबरात वरचा कोपरा कापला असेल तर मार्चात खालचा, कारण कापलेलं काही आठवड्यांत भरून येतं आणि जुनी खूण ओळखणं अवघड होतं. लवंगतेलाचं पाणी कोंडीत ओतू नये. गुंगी दिलेला मासा कालवणातही जाऊ नये. हे मदतीला आलेल्या मुलांना सकाळीच सांगितलेलं बरं.

पाच सेंटिमीटरच्या आतल्या माशाला खूण करायची नाही, आणि दुसऱ्या पकडीतही तो मोजायचा नाही. हे दुसरं लोक विसरतात, मग आकडा उगाच फुगतो.

दुसरी पकड तीन ते पाच दिवसांनी. समजा, पहिल्या खेपेला ६० मासे खुणेचे सोडले, दुसऱ्या खेपेला ५० सापडले, त्यांत १२ खुणेचे. सरळ हिशोबाने ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे २५०. संख्याशास्त्रज्ञ चॅपमनने १९५१ मध्ये सुचवलेली दुरुस्ती वापरली, म्हणजे तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून शेवटी एक वजा केला, तर २३८ येतात. थोड्या माशांच्या कोंडीत हीच दुरुस्ती वापरावी. खरी गंमत पुढे आहे: या २३८ चा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्या हद्दीत असावा असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं ती हद्द, साधारण १४२ ते ३३४ पडतो. मग ‘२३८ मासे’ असं ठामपणे लिहिणाऱ्याचं काय करायचं? पल्ला आवळायचा तर पुन्हा सापडणारे खुणेचे मासे वाढायला हवेत, म्हणजे पकडी वाढवाव्या लागतात.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त खुणेच्या माशांच्या मरणात. ६० पैकी १५ हाताळणीने मेले तर पुन्हा सापडणारे १२ ऐवजी ९ च्या आसपास येतात आणि उत्तर २३८ वरून ३१० वर जातं. मासे मारून आकडा वाढवायची ही रीत! गुंगीतून न सावरलेला मासा लवकर सोडला तर खंड्या पक्षी किंवा दिवड (पाणसाप) त्यालाच आधी उचलते. मळ्या नावाच्या माशाची अडचण वेगळी. तो दगडाला चिकटून बसतो आणि पाग त्याच्यावरून निघून जातो, त्याला दगड हलवून हातजाळीनेच काढावा लागतो. (ब्रिटिश लष्करी अधिकारी साईक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना नावं देताना हे मराठी नाव तसंच उचललं. शास्त्रीय नावात तो आजही ‘मुल्या’ आहे.) दोन्ही खेपांना जाळं तेच, आसही (जाळ्याच्या छिद्राचा आकारही) तीच हवी. जिथले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही अशा देवाच्या कोंडीत, महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी, पकडच नाही. तिथे काठावरून नजरेने मोजायचं आणि तो आकडा या हिशोबात मिसळायचा नाही.

बंद कोंडीचा दुसरा फायदा मोठा आहे. एरवी संख्या बदलते ती जन्म, मरण, येणं आणि जाणं या चौघांनी. बंद कोंडीत येणं-जाणं नाही, आणि पावसात वीण करणाऱ्या माशांची नवी पिल्लंही नाहीत. उरतं फक्त मरण. २४० चे १२० तीन महिन्यांत झाले, म्हणजे दर महिन्याला साधारण ७९ टक्के जगले. मात्र मध्ये कुणी कलिंगडाच्या मळ्याला पंप लावला, किंवा रात्री ब्लीचिंग पावडर टाकली, तर हा दर उन्हाचा राहत नाही. म्हणून कोंडीच्या मालकाशी आणि वरच्या शेतकऱ्याशी बोलून पंपाच्या तारखा वहीत हव्यात. विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी मेलेले मासे तरंगताना दिसले तर तेही मोजून लिहावेत.

शेवटची मोजणी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी. वळिवाच्या एका सरीनेही धार जोडली जाऊ शकते, आणि जूनमध्ये चढणीचे मासे (पहिल्या पावसात धारेच्या उलट चढणारे) वर निघाले की कोंड बंद राहत नाही. तिथून पुढे जॉली आणि सेबर यांनी १९६५ मध्ये मांडलेलं, येणं-जाणं धरणारं गणित लागतं. त्याला प्रत्येक माशाची वेगळी ओळख हवी, निदान तो कोणत्या खेपेला सापडला होता ते सांगणारी खूण तरी हवी. शेपटीचा कापलेला कोपरा तोवर भरून आलेला असतो.