टिंबापुढचे आकडे

कारखान्याचं बॉयलर पेटलं की आमच्या शाळेत मुलं वाढतात, पटावर मात्र नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात शिकवते. बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास उतरतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात आणि आम्ही मुलं गोळा करत फिरतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम म्हणतं, वयाप्रमाणे वर्गात बसवा. बसवतो. पण सरकारी पोर्टलवर मूल मूळ गावच्या शाळेत असतं, आणि स्थलांतरात नव्या शाळेला दाखवायचं हमीपत्रक बहुतेकांकडे नसतं. वर्षातले पाच-सहा महिने फडावर काढणारं लेकरू पोर्टल बनवणाऱ्यांनी कधी पाहिलंच नसावं.

अशीच एक पोरगी पाचवीच्या वर्गात धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसते. मधल्या सुट्टीत तिने पिशवीतून कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पावत्या काढल्या, घामाने मऊ पडलेल्या. "बाई, हातच्याची वजाबाकी येती मला. ह्या टिंबाचं काय करायचं तेवढं सांगा."

दशांश अपूर्णांक मी रुपये-पैशांवरून शिकवते, आणि पैसे मुलांनी पाहिलेलेच नसतात. इथे गणित आयतं समोर होतं. भरली गाडी 4.105, रिकामी 1.060. तिचं उत्तर 3.45. टिंबापुढचं शून्य तिने गाळलेलं.

"शून्याला काय किंमत असती व्हय?"

म्हटलं, टनाचे हजार किलो, म्हणून टिंबापुढे तीन घरं. इथे तीन टनांच्या वर आहेत फक्त 45 किलो. पहिलं घर शून्याने धरलं नाहीस तर त्यांचे 450 होतील. ती खुदकन हसली. "म्हंजे मी आपल्याच बाजूनं लबाडी केली!"

मग टोळी आणणाऱ्या, मजुरीचा हिशोब ठेवणाऱ्या मुकादमाच्या वहीतले आकडे तिने शेजारी मांडले. 3.045 चे 3, 2.870 चे 2.5. अकरा पावत्यांत 2.365 टन गायब. नवरा-बायकोने राबून तोडलेला दोन टनांहून जास्त ऊस. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, पेपरात मथळे आले. वजनच कापलं तर दर वाढून काय चाटायचाय?

संध्याकाळी तिचा बाप आला. "बाई, पोरीला शिकवा. पण हे हिशोबाचं कुणापुढं काढू नका. पुढल्या सालची उचल मुकादमाकडूनच आगाऊ घ्यायची हाय."

यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, पण त्याची उचल मी थोडीच देणार आहे?

पोरीने बापाचं सगळं ऐकून घेतलं. "मी कुठं भांडाया चालले? लिहून ठेवते नुसतं. उचल किती फिटली ते आपल्याला तर कळाया पायजे." बाप काही बोलला नाही. पावत्यांची पिशवी मात्र त्याने तिच्याकडेच राहू दिली.

आता शेजारच्या कोप्यांतल्या आणखी मुली पावत्या आणतात. परवा मुकादमाची मोटारसायकल फाटकाशी बराच वेळ थांबली होती. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, पाहुणी लेकरं आहेत, लिहा-वाचायला आलं तरी पुष्कळ, हे शाळेच्या वेळेत नको. माणूस वाईट नाही, पण त्यांना बदलीपर्यंत शांतता हवी आहे. मी पावत्या गणिताच्या तासालाच घेते.