तुम्ही विचारलंत म्हणून: बोटांची लांबी आणि म्हातारपणीचा मेंदू

"ताई, माझं अंगठीचं बोट तर्जनीपेक्षा लांब हाय. म्हातारपणी डोकं शाबूत राहील न्हवं?" बेळगावात टिळकवाडीत असो की निपाणीत, ज्येष्ठांच्या व्यायामाच्या वेळी कुणीतरी हात पुढे करून हे विचारतंच. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर हातच बघते. प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, कारण त्यामागे खरं संशोधन आहे.

तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागायचं. पुरुषांमध्ये हे गुणोत्तर बायकांपेक्षा सरासरीने किंचित कमी भरतं. जॉन मॅनिंग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1998 साली याकडे लक्ष वेधलं आणि जगभर बोटं मोजायची लाटच आली. पुढे 2011 मध्ये झेंग आणि कोन यांनी उंदरांवर दाखवलं, की पिल्लू पोटात असताना पुरुषी आणि स्त्री हार्मोन्सचं पारडं जसं झुकतं, तशी चौथ्या बोटाची, म्हणजे अनामिकेची, वाढ कमीजास्त होते. त्याच काळात मेंदूही घडत असतो. त्या दिवसांची खूण बोटांवर राहिली असेल, तर मेंदूतही सापडेल, असा संशोधकांचा विचार.

पण स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक आहे एक-दोन शतांशांचा. कित्येक बायकांचं माप पुरुषी सरासरीत बसतं आणि कित्येक पुरुषांचं बायकांच्या. भरपूर माणसं एकत्र मोजली तर कल दिसतो. समोर बसलेल्या एका आजोबांचा हात बघून त्यांच्या मेंदूबद्दल काहीही सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर ते ज्योतिषच.

निपाणीच्या एक आजी आहेत. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. पान कातरायचं, तंबाखू पसरायची, वळून दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. बोलता बोलता हात अजून तसेच चालतात. आता बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी आल्यात, तर्जनी मधल्या बोटाकडे कललीय, सरळच होत नाही. तळव्याकडच्या बुडाच्या रेघेपासून टोकापर्यंत पट्टी धरली की ती आखूडच भरणार. त्या आकड्यात त्यांच्या आईच्या पोटातल्या दिवसांपेक्षा संधिवातच जास्त आहे. ज्येष्ठांची बोटं मोजताना ही अडचण कायम असते.

मेंदूच्या आकारावर जन्मानंतर, अगदी म्हातारपणीही परिणाम होतो, हे मात्र लोकांना कुणी सांगत नाही. 2011 च्या एका अभ्यासात 120 ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालायला लावलं. स्मरणाशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे 2 टक्के वाढला. नुसते स्नायू ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा सव्वा टक्क्याहून जास्त आटला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची 14 टाळता येण्याजोगी कारणं मोजली. त्यात बीपी, शुगर, धूम्रपान, एकटेपणा आणि कमी ऐकू येणंही आहे. बोटांची लांबी नाही.

त्या आजींना ऐकू कमी येतं. घरात "या वयात मशीन कशाला?" म्हणून विषय संपतो. मला याचा फार राग येतो. "साठी बुद्धी नाठी" म्हणून ज्यांची थट्टा होते, त्यातल्या कितीजणांना समोरचा काय बोलला तेच धड कळलेलं नसतं! म्हणून हात पुढे केलात तर मी आधी विचारेन: बीपी शेवटचं कधी तपासलंत, आणि नातवंडं बोललेली पहिल्यांदाच ऐकू येतात का?