वाशांवरची बुरशी : कौलारू खोली, नोंद ४

यावलच्या खोलीचं काम भाद्रपदात इथवर आलंय : सागाचे ८ खांब, २ तुळया उभ्या, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) बसलेलं, पाइनच्या २२ वाशांपैकी ११ चढलेले. उरलेले ११ अंगणात ताडपत्रीखाली थप्पीत होते. त्यांतल्या ९ वाशांवर बुरशी आली. चढलेल्यांनी सगळा पाऊस अंगावर घेतला, तरी ते स्वच्छ आहेत.

कारण कोंडलेली हवा. उघडा वासा सर ओसरली की वाऱ्याने वरून सुकतो. ताडपत्री चारही बाजूंनी दगडांनी दाबली, की दिवसा आतला ओलावा वाफ होऊन वर जातो आणि रात्री थेंब होऊन परत लाकडावर पडतो. त्यात खाली काळी जमीन. श्रावणात भिजली की ती आठवडेच्या आठवडे ओल सोडत राहते.

पिनांच्या मॉइश्चर मीटरवर (लाकडातली ओल मोजणारं यंत्र) थप्पीतले वासे २६ ते २९ टक्के, चढलेले १७-१८. (टोकापासून ३० सेंमी आत मोजा, टोकाचा आकडा फसवतो.) २० टक्क्यांखाली बुरशी सहसा वाढत नाही. लाकूड कुजायला साधारण २८-३० च्या वरची ओल बराच काळ लागते, म्हणून प्रत्येक वाशात दाभण खुपसून पाहिला. चांगल्या लाकडाची लांब ढलपी निघते, कुजलेल्याचे आखूड तुकडे पडतात. एकाच वाशाचं ४० सेंमी टोक कापावं लागलं. निळसर काळे डाग रंध्यानेही जात नाहीत, पण त्यांनी ताकद फारशी कमी होत नाही. ते खुशाल राहू द्या.

घासताना बुरशी कोरडी नको, नाहीतर बीजाणू उडतात. आधी पाण्याचा हलका फवारा, एन-९५ मास्क, मग साबणाच्या पाण्यात नायलॉनचा ब्रश, शेवटी फडक्याने पुसून सावलीत २ दिवस. ब्लीचिंग पावडरचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका : डाग फिका पडतो, पण पाणी लाकडात मुरतं, ओल वाढते आणि बुरशी परत येते.

नंतर बोरॅक्सचा, म्हणजे टाकणखाराचा हात. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. हातमोजे घालून २ हात, दुसरा पहिला ओला असतानाच. लाकूड आतून किंचित दमट असलं तर औषध खोल जातं. पावसात ते धुऊन जातं, म्हणून वर छप्पर हवंच.

इथे एक फसगत होते : बोरॅक्सच्या क्षारांमुळे मीटर जास्त ओल दाखवतो. त्यामुळे औषध न लावलेला एक तुकडा त्याच थप्पीत ठेवलाय, आकडा त्याचाच घ्यायचा.

नवी थप्पी विटांवर, जमिनीपासून ३० सेंमी वर. थरांमध्ये दर ६० सेंमीवर २५ मिमी जाडीच्या रीपा (लाकडी पट्ट्या), एकाखाली एक सरळ रेषेत. रीपा मागेपुढे झाल्या तर वासे वाकतात. ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या. टोकांना ऑइल पेंटचे २ हात, कारण ऑक्टोबरच्या उन्हात टोकं आधी सुकतात आणि चिरा पडतात.

तुकडा १६ टक्क्यांवर आला की उरलेले वासे, मग रीपा, मग कौलं. आतला गिलावा त्यानंतरच, दोन्ही खिडक्यांची भोकं उघडी ठेवून. ओल्या गिलाव्याचं पाणी हवेत येतं आणि वाट नसेल तर आढ्याशी साचतं.