मागचे पंख दिसतात का?

सकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते, तर वाळ्याच्या ताटीवर एक काळपट ठिपका दिसला. नखाएवढा. झटकणार, तोच त्याने मिशा हलवल्या.

पतंग होता. लांबून नुसता काळा. मोबाईल जवळ नेला, तर पंखांवर राखाडी नागमोडी रेघ आणि कडेला फिकट टिंबांची ओळ. बाभळीच्या सालीवर बसला असता तर दिसलाही नसता.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून एवढं पाहून राहिली वो? पतंगच त आहे."

पतंगांचा नाद असलेल्या मैत्रिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "कोरड्या, झुडपी रानातला वाटतो. मागचे पंख दिसतात का?"

नव्हते दिसत. बसताना ते पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात, आणि ओळखीची खूण बरेचदा तिथेच असते. काही जाती तर इतक्या सारख्या, की सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं पाहिल्याशिवाय नाव ठरत नाही.

परत गेले तोवर ताटी भिजली होती. पतंग नव्हता. पंप मीच सुरू केला होता, हे दिवसभर मनातून जात नाहीये.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनने १८९२ ते १८९६ मध्ये ब्रिटिश भारतातल्या पतंगांवर चार जाडजूड खंड लिहिले. भारतात फुलपाखरांच्या साधारण १४०० जाती, पतंगांच्या दहा हजारांवर. तरी फुलपाखरू दिसलं की आपण थांबतो आणि पतंग दिसला की झाडू शोधतो.

नागपुरात आणखी कुणाच्या ताटीवर असा बसलेला दिसलाय का?