आईच्या डोळ्यातला ठिपका

आईला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. परवा फोंड्याला तिचे डोळे तपासले, फंडसचे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, फोटो माझ्या मोबाइलवर आले. "दाखव गो तुझ्या त्या कॉम्प्युटराला," बसमध्ये आई म्हणाली.

रात्री दाखवले. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या रंगवणारं माझं यू-नेट (चित्रातले भाग वेगळे काढणारं न्यूरल नेटवर्क) ड्राइव्ह या फोटोंच्या संचावर शिकलंय: नेदरलँड्समधल्या मधुमेही डोळ्यांच्या तपासणीतले ४० फोटो, सगळे ५६५ बाय ५८४ पिक्सेलचे. तिथे ते सुंदर चालतं. आईच्या उजव्या डोळ्यात मात्र जाड शिरा तेवढ्या धरल्या, बारीक फांद्या सोडूनच दिल्या. मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, वर एक शीर मला नीट दिसत होती, मॉडेलने तिचे तीन तुकडे केले.

फोटोच्या हिरव्या चॅनेलचा हिस्टोग्राम, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ याचा आलेख, काढला, तर सगळा डावीकडे, अंधाराकडे सरकलेला. कॅमेरा वेगळा, शिवाय आपल्या डोळ्यांच्या पडद्यामागे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे फोटोची पार्श्वभूमी गडद.

यू-नेटच्या बॅच नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे आकडे एका मापात आणणाऱ्या, थरांत शिकतानाची सरासरी आणि विचरण (आकड्यांचा पसारा) साठवलेलं असतं. ते त्या ४० फोटोंचं होतं. मी वजनांना, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या बाकी आकड्यांना, हात लावला नाही; दोन्ही डोळ्यांचे तुकडे पाडून हे आकडे तेवढे नव्याने काढले. हाताने रंगवलेलं लेबल एकही लागलं नाही. तुटलेली शीर जुळली! मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली.

मग तिनेच बोट ठेवलं. "हे काय?" शिरेपासून सुटा, बारीक लाल ठिपका. रक्तस्रावाचा, डॉक्टरांनी सकाळी दाखवलेला. मॉडेलने तो शिरेचाच तुकडा म्हणून रंगवला होता. ड्राइव्हमधल्या ४० पैकी ३३ फोटोंत मधुमेहाची खूणच नाही, उरलेल्या ७ मध्येही अगदी सौम्य. उजेड जुळवून घेता येतो, पण जे फारसं पाहिलंच नाही ते ओळखणार कसं?

म्हणूनच सायकलगॅनने, म्हणजे एका प्रकारचे फोटो दुसऱ्या प्रकारासारखे करणाऱ्या मॉडेलने, आपले फोटो डच फोटोंसारखे करून घ्यायला माझं मन धजत नाही. निरोगी डोळ्यांच्या छापात बसवताना तो ठिपकाच पुसला गेला तर? डॉक्टर नेमकं तेच शोधत असतात.

सध्या उजव्या डोळ्याचा पाव भाग हाताने रंगवून झालाय, डाइस, म्हणजे मॉडेलचं रंगवणं खऱ्याशी किती जुळतं तो आकडा, मोजायला काहीतरी खरं हवं ना. शिरा पांढऱ्या, ठिपके वेगळ्या रंगात. उद्या डावा घेते.