गिलाव्याखालचं घर

गेल्या वसंतात फ्रेडरिक्सबर्गहून एका घरमालकीणबाईंचा फोन आला. "कंत्राटदार भिंतीचा गिलावा काढतोय आणि आतून लाकडं निघाली आहेत. बघायला याल का?" मी टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला असते आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. रस्ता दीड तासाचा. आधी काम थांबवायला सांगितलं आणि लगेच निघाले.

फ्रेडरिक्सबर्ग १८४६ साली जर्मन स्थलांतरितांनी वसवलं. प्रत्येक कुटुंबाला गावात घरासाठी एक जागा आणि गावाबाहेर दहा एकर शेत, अशी वाटणी होती. पुढे शेतं आणि गुरांची कुरणं लांब लांब गेली. तेव्हा शनिवारी बाजार नि रविवारी चर्च साधावं म्हणून शेतकऱ्यांनी गावात छोटी घरं बांधली: एक खोली, मागे उतरत्या छपराचं स्वयंपाकघर, वर माळा आणि माळ्यावर जायला बाहेरून जिना. या 'संडे हाऊस'मध्ये आज पर्यटक राहतात. बाईंनाही आपलं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं होतं, आणि पाहुण्यांना उघडा दगड आवडतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

त्यांचं घर मात्र संडे हाऊस नव्हतं, त्याहून जुनं होतं. पुढची खोली सबंध चुनखडीच्या दगडाची, समोर पडवी. मागच्या खोलीची अर्धी भिंत उघडी पडली होती, आणि ती बघून मी तिथेच थांबले. ओकचे खांब, त्यांना कोपऱ्यात तिरके टेकू, आणि मधल्या चौकटींत ओबडधोबड दगड भरलेले. हे खास जर्मन फाखवेर्क. खांब कुठेच सरळ नाही, गाठी तशाच ठेवलेल्या. सांध्यात लोखंड नाही, खाचेत बसवलेलं लाकूड आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. एका खांबावर छिन्नीने मारलेल्या तीन रेघा होत्या. वरच्या तुळईला जिथे तो भिडतो तिथेही तीनच. सुताराने सांगाडा आधी जमिनीवर जुळवला, खुणा केल्या, मग उभा केला. त्या रेघांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत होते.

सुरुवातीच्या लोकांकडे वेळ कमी होता आणि इथल्या ओकची लाकडं आखूड, वाकडी. भक्कम सांगाडा तेवढा लाकडाचा करून पोकळी पायाखालच्या दगडाने भरायची, ही रीत त्यांना मायदेशातून ठाऊक होती. पुढे चुन्याच्या भट्ट्या लागल्या, गवंडी मिळाले, तशा सबंध दगडी भिंती आल्या. उन्हासाठी पडव्याही आल्या. त्या मात्र त्यांनी अमेरिकन शेजाऱ्यांकडून घेतल्या. म्हणजे या घरात मागून पुढे चालत आलं की वसाहतीची पहिली काही दशकं ओलांडता येतात. पुण्यातल्या वाड्यांची सागवानी चौकट आणि मधली विटांची भरणी मी शिकाऊ असताना जवळून पाहिली होती, त्यामुळे असल्या भिंतीत कुठे बघायचं ते मला माहीत होतं.

मी खाली बघितलं. जमिनीलगतच्या आडव्या तुळईत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाहेरून दगडांमधल्या फटी कधीतरी मागच्या पिढीत सिमेंटने भरलेल्या होत्या. चुनखडी मऊ असते, ती ओल घेते आणि सोडते. चुना तिला सोडू देतो, सिमेंट देत नाही. मग ओल दगडातच अडकते, दगडाचा पापुद्रा सुटतो आणि आतलं लाकूड कुजतं. इथे तेच झालं होतं. उरलेला गिलावा काढून ही भरणी पावसात उघडी ठेवली असती, तर मधली माती धुऊन गेली असती.

"पण दगड किती छान दिसतोय," बाई म्हणाल्या.

"बांधणाऱ्यांनी तो दाखवायला लावलाच नव्हता," मी म्हणाले आणि न काढलेल्या गिलाव्याची कड दाखवली. चुन्याच्या सफेदीचे पातळ थर एकावर एक, पुस्तकाच्या पानांसारखे.

बाई बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आजी ईस्टरच्या आधी चुना लावायची. मी बादली धरायचे. मला वाटायचं, गरिबी म्हणून."

गरिबी नव्हती ती, निगा होती. मला ते त्यांना ठासून सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलं. कंत्राटदाराशी बोलणं जरा अवघड गेलं. उघड्या दगडाची किंमत त्याने आधीच सांगून ठेवली होती. पण बाई ठाम राहिल्या.

कुजलेली तुळई तेवढी कापून तिथे जुन्याच ओकचा तुकडा सांधायचा, सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं, यंत्र लावायचं नाही, आणि बाहेरून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा असं ठरलं. आत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे रेघांचा खांब आणि त्याच्या शेजारची एक चौकट उघडी राहील. टेक्सासच्या उन्हाळ्यात चुना जमण्याआधीच वाळून तडकतो, म्हणून गिलाव्याला हात ऑक्टोबरात लावणार आहोत. तोवर भिंतीवर ताडपत्री आहे, खालून हवा खेळेल अशी बांधलेली.